अल् खुवैरमधलं खालचं विकलिंग

…तर दार भरलं बत्तीस इंच. सकलैनने टेप पुन्हा लावला. चौकटीच्या वर लावला, मधे लावला, खाली लावला, जसं काही कुठेतरी दार मनात आणून थोडं सरकेल. बत्तीस म्हणजे बत्तीसच. आणि आतलं गाव पाच फूट रुंद, नऊ फूट लांब, शिवाय त्याला डोंगर.

काल आपण इथेच थांबलो होतो ना? सूनबाईने जेवायला हाक मारली आणि माझं बोलणं दारातच अडकलं. त्या गावासारखंच.

सकलैन हा वादी कबीरच्या वर्कशॉपमधला सुतार, मूळचा मुरादाबादचा. कपाटं, पलंग, शाळेची बाकं, सगळं त्याच्या हाताखालून गेलेलं. पण असलं लाकूडकाम त्याने बघितलं नव्हतं. तो टेबलाभोवती एक फेरी मारून आला आणि मला म्हणाला, "अंकल, ये अंदर आया कैसे?"

मी म्हटलं, "आया नहीं बाबा, इधरच पैदा हुआ!"

तो हसला, मी हसलो. मागे कल्पना उभी होती, ती नाही हसली. सकलैनने टोपी काढून डोकं खाजवलं आणि तिला विचारलं, "आंटी, काटना पड़ेगा. काटूँ?"

कल्पना म्हणाली, "बरं."

सकलैनला मराठी येत नाही, पण एवढं त्याला कळलं. करवत आणायला तो खाली गाडीकडे निघाला. आणि मी तिथेच त्या खोलीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून राहिलो, कारण ते 'बरं' मला चांगलं ओळखीचं झालं होतं. तो होकार नव्हता. नकारही नव्हता. आपण दार वाजवावं आणि आतून फक्त पंख्याचा आवाज यावा, तसं ते 'बरं' होतं.

आता काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागून सांगतो. ज्यांनी ऐकलंय त्यांनी पुन्हा ऐकावं, माझी गोष्ट दुसऱ्यांदा जास्त चांगली होते असा माझा अनुभव आहे.

अल् खुवैरला आमची चार मजली बिल्डिंग. दुसऱ्या मजल्यावर मुलगा क्षितिज, सून आणि मी. चौथ्यावर जयप्रकाश आणि कल्पना. तो पुण्याचा, कंपनीत मेंटेनन्स इंजिनियर. ती साताऱ्याकडची, घर सांभाळणारी. एकुलती मुलगी अंतरा शिकायला म्हणून इंग्लंडला गेली आणि तिकडेच नोकरीला लागली. मी मस्कतला आलो तेव्हा मला दिवस खायला उठायचा. सकाळी सगळे आपापल्या गाड्या काढून पसार, बाहेर ऊन असं की रस्त्यावर बोलायला माणूस दिसेना. गावात मी पारावर नुसता बसलो तरी चार माणसं जमायची. इथे लिफ्टमध्ये जे भेटेल त्याच्यावर मी समाधान मानू लागलो, आणि लिफ्टमध्ये मला भेटला जयप्रकाश. हातात खाकी रंगाचा पत्र्याचा डबा, चेहऱ्यावर चोरटा भाव.

"काय आहे हो त्यात?"

"पाण्याची टाकी, काका. स्टेशनवर बसवायचीय."

ह्या देशात माणसांना बसायची आगगाडी अजून तरी नाही. मग स्टेशन कुठलं? मी त्याच्याबरोबर सरळ चौथ्या मजल्यावर गेलो.

अहो, काय सांगू! मुलीची रिकामी झालेली खोली, आणि कडेने जेमतेम फिरायला जागा सोडून सगळं इंग्लंड. हिरवी शेतं, त्यांच्यामधून झुडपांचे बांध, दगडी पूल, पुलाखालून ओढा, बदकांचं तळं, चौकोनी बुरुजाचं चर्च, तांबडी टेलिफोनची खोली, दारू प्यायचं एक बुटकं घर. आणि ह्या सगळ्याला वळसा घालून एकपदरी रूळ, एक छोटं स्टेशन, फाटक आणि सिग्नलवाल्याची लाकडी केबिन. गावाचं नाव नेदर विकलिंग. नेदर म्हणजे काय, तर खालचं. मी म्हटलं, म्हणजे आमच्या वरच्या वाडी-खालच्या वाडीसारखंच की! तेव्हापासून मी त्याला खालचं विकलिंग म्हणतो.

जयप्रकाश इंग्लंडला कधी गेला नव्हता. तो नवीन नोकरीला लागला तेव्हाचा त्याचा इंग्रज साहेब देशी परत जाताना एक खोकं मागे सोडून गेला, त्यात रेल्वेची जुनी मासिकं. एका पानावर ह्या विकलिंगचा फोटो होता, तिथल्या शेवटच्या गाडीचा. साठेक वर्षांपूर्वी इंग्लंडात खेड्यापाड्यांतल्या पुष्कळ लहान लाइनी तोट्यात चालतात म्हणून बंद केल्या. रूळ उपटले, भंगारात घातले, स्टेशनं विकून टाकली. त्या शेवटच्या गाडीला निरोप द्यायला सगळं गाव फलाटावर आलेलं, आणि कुंपणाला धरून एक लहान मुलगी उभी.

मी म्हटलं, "अरे, आमच्याकडे रेल्वे यायला माझे केस पांढरे व्हावे लागले, आणि ह्या लोकांनी असलेली उपटली?"

"म्हणून तर पुन्हा घालतोय, काका," जयप्रकाश म्हणाला.

रूळ, इंजिन, विजेच्या तारा हे त्याचं खातं. पण जमीन कोण करणार? ती केली कल्पनाने. तिला आगगाडीतलं ओ का ठो कळत नव्हतं आणि आवडही नव्हती. एकदा त्याने "हे जरा धर" म्हणून पुलाचा खांब हातात दिला, गोंद वाळेपर्यंत ती धरून बसली, आणि बसल्याबसल्या तिच्या लक्षात आलं की नवऱ्याचं शेत चुकलंय. "शेत असं सपाट पोपटी नसतं," ती म्हणाली, "नांगरलेलं कुठे दिसत नाही तुमच्यात." दुसऱ्या दिवशी तिने चहाचा चोथा गच्चीवर वाळवला आणि पसरला. काय जमीन दिसायला लागली! बघून पेरावंसं वाटेल. मग भांडी घासायच्या स्पंजची झाडं झाली, काथ्याची छपरं झाली, देवाच्या वातींच्या कापसाची मेंढरं झाली, मोहरीच्या डोळ्यांची.

रुळांखालच्या खडीची गंमत तर ऐकाच. जयप्रकाशला खडी पाहिजे होती तपकिरी, बारीक. कल्पनाने रवा खरपूस भाजला आणि गोंदात कालवून घातला. सुरेख खडी! तिसऱ्या दिवशी सकाळी हा माणूस बनियनवर आमच्या दारात. "काका, वर या, लाइन बंद पडलीय." जाऊन बघतो तर मुंग्यांनी पहिल्या सिग्नलपासून पुलापर्यंत खडी उचललेली, आणि एकेक कण डोक्यावर घेऊन फलाटावरून शिस्तीत चाललेल्या. मी म्हटलं, "जयप्रकाश, इंग्लंडात सरकारने रूळ काढले, इथे मुंग्यांनी घेतले मनावर!" कल्पना इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. पदर तोंडाला लावून हसायची ती. नंतर आम्ही वादीतली, म्हणजे इथल्या कोरड्या नदीतली, वाळू चाळून आणली.

माणसं तिने आगकाड्यांची केली, चिंध्यांचे कपडे घातले. फोटो एकच आणि एकाच बाजूने घेतलेला. जे फोटोत दिसत नव्हतं ते तिने आपल्या मनाने भरलं. घरांच्या मागच्या दारी बादल्या ठेवल्या. कुंपणाजवळच्या मुलीला दोन वेण्या, वर बांधलेल्या, तांबड्या रिबिनी. चर्चचं दार फोटोत येत नव्हतं, ते तिने पूर्वेला काढलं, कारण देवाचं दार दुसरीकडे कुठे असणार. आणि त्या दाराशी मला एकदा काहीतरी बारीक पांढरं पडलेलं दिसलं. मी चष्मा वर करून वाकलो.

"कल्पना, हे काय गं, किडे की काय?"

"तीळ आहेत काका."

"चर्चला तीळ कशाला?"

"चपला आहेत त्या. नीट बघा, जोडीजोडीने लावल्यात."

जयप्रकाशने कपाळाला हात लावला. "काका, तुम्ही तरी सांगा हिला. इंग्रज लोक चर्चमध्ये बूट घालून जातात."

"तुमच्या विकलिंगात जात असतील," कल्पना म्हणाली. "माझ्या हाताखालच्यात काढून जायचं. आणि चर्चच्या छपराची एवढी घाई करू नका, उद्या चिकटवा."

"का? उद्या मुहूर्त आहे?"

"उद्या म्हटलं ना."

त्याने उद्या चिकटवलं. असा होता तो. साऱ्या मस्कतच्या पंपांची मापं ज्याला पाठ, त्या माणसाने हे सगळं खोलीच्या आत जोडून, स्क्रू मारून, गोंद ओतून पक्कं केलं आणि दाराचं माप घेतलंच नाही. मी एकदा हटकलं, "अरे, हे बाहेर कसं काढणार?" तर मोठ्याने हसला. "काका, गाव कुठे उठून जातं का?"

संध्याकाळी चहा झाला की एक गाडी सुटायची. काळं इंजिन, मागे दोन डबे. शिटी तो स्वतः तोंडाने वाजवायचा. मी माझ्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवरचा कायमचा प्रवासी. कल्पना दारात कपबशा घेऊन उभी, "झाली का फेरी? मग खोबरं किसून द्या."

एका शुक्रवारी सकाळी दाढी करता करता जयप्रकाश पडला तो गेलाच. अर्ध्या गालाला साबण तसाच होता. अंतरा आली, क्रियाकर्म झालं, नातेवाईक येऊन गेले, अंतराची रजा संपली, तीही गेली. आणि कल्पनाचं हे 'बरं' सुरू झालं.

रडली असती तर बरं होतं. रडणाऱ्या माणसाशी काय बोलायचं ते आपल्याला ठाऊक असतं. ही रडली नाही, चिडली नाही, आजारी पडली नाही. केर काढायची, पोहे करायची, एसी लावायची, समोर बसायची. एकदा मी गेलो तर वॉशिंग मशीन गरगरत होतं. "आज एवढे कपडे?" म्हणून डोकावलो तर आत काही नाही, नुसतं पाणी. दोघांनी मिळून ते थांबेपर्यंत बघितलं. दाराबाहेरच्या रॅकवर जयप्रकाशचे सँडल होते, ते तसेच होते. साफसफाईवाल्याने विचारलं, "मॅडम, ये फेंक दूँ?" तिने 'बरं' म्हटलं. त्याला समजलं नाही आणि सँडल राहिले.

मी माझ्या परीने सगळं करून बघितलं. आमच्या शाळेतल्या मास्तरांची आणि त्यांच्या बकरीची गोष्ट सांगितली, जिला मेलेली माणसंसुद्धा हसतील. "बरं." एकदा तर मी मुद्दाम म्हटलं, "कल्पना, काल रात्री मला वाघाने खाल्लं."

"बरं," ती म्हणाली. "चहा घेणार?"

खोलीचं दार ती लोटून घ्यायची. मी उघडून बघितलं, खिडकीच्या फटीतून आलेली धूळ विकलिंगवर बसली होती. हिरव्या शेतांचा रंग आता इथल्या डोंगरांसारखा झाला होता. गाडी स्टेशनात उभी, शेवटच्या संध्याकाळी थांबली तिथेच. मी फुंकर मारणार होतो, पण दुसऱ्याच्या घरातली धूळ आपण कशी उडवायची? दार लोटून परत आलो.

मग महिने गेले आणि कागद पुढे आले. फ्लॅट कंपनीचा, व्हिसा त्याच्या नावावरचा. तो नाही म्हणजे हिचा मुक्कामही संपला. पुण्याला जयप्रकाशच्या भावाकडे एक खोली तिच्यासाठी रिकामी केली होती, आणि त्या खोलीत एक कॉट आणि एक कपाट मावत होतं. विकलिंग नाही. दीर फोनवर म्हणाले, "वहिनी, ते टाकून या. डोळ्यांसमोर नको." ती म्हणाली, "बरं." सीबला कोणी हौशी माणूस होता, तो म्हणाला, इंजिन आणि रूळ तेवढे नेतो, बाकीचं गवत-बिवत नको. ती त्यालाही म्हणाली, "बरं." मला धास्ती पडली. बिल्डिंगच्या खाली कचऱ्याची मोठी हिरवी पेटी आहे ना, ती मला येताजाता दिसायला लागली. ही सगळ्यांना बरं म्हणणार, आणि जो पहिला येईल तो त्या दोघांचं गाव घेऊन जाईल किंवा मोडून टाकील. आणि त्यानंतर हिला कळेल. तेव्हा फार उशीर झालेला असेल.

इतक्यात अंतराने तिकडे एक गोष्ट केली. एका रविवारी ती खरोखरच्या विकलिंगला गेली. काही ठरवून नाही, नुसती बसमध्ये बसली आणि उतरली. तिने फोटो पाठवले, ते मी पाहिले. रूळ नाही, फक्त बांधासारखा लांब उंचवटा, त्यावर काटेरी झुडपं. पूल आहे, पण त्याच्यावरून काही जात नाही आणि खालच्या ओढ्यालाही फारसं पाणी नाही. स्टेशन आहे, पण ते कोणाचं तरी घर. खिडक्यांना पडदे, फलाटाच्या काठाने फुलझाडं. त्या घरात मार्जरी नावाची म्हातारी राहते. अंतराने तिला मोबाइलवर आपल्या खोलीतलं गाव दाखवलं. ती बाई तिथेच पायरीवर बसली म्हणे. मग तिने कुंपणाजवळच्या मुलीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "ही मी."

त्यांच्या गावात एक सभागृह आहे. तिथे आता हे विकलिंग ठेवायचं असं तिथल्या लोकांनी ठरवलं. खोक्यांत घालून पाठवा, नेण्याची व्यवस्था आमची, असा निरोप आला. अंतराने आईला विचारलं, "आई, पाठवूया ना गं?"

कल्पना काय म्हणाली असेल?

म्हणून तर सकलैन, म्हणून तर टेप, म्हणून बत्तीस इंच.

सकलैन करवत घेऊन वर आला. कानावरची पेन्सिल काढून त्याने टेबलावर सरळ रेघ मारली. सुतारच तो, त्याला सरळ येतं. रेघ तळ्यातून निघाली, चर्चचा बुरुज फोडून, स्टेशनमास्तरच्या कचेरीतून पलीकडे गेली.

"अरे अरे!" मी म्हटलं. "चर्च के बीच में से?"

"अंकल, दो टुकड़े बराबर चाहिए. नहीं तो दरवाज़े से नहीं जाएगा."

"कल्पना, तू सांग ह्याला."

ती त्या पेन्सिलीच्या रेघेकडे बघत होती. मला वाटलं, आता पुन्हा 'बरं' येणार. ती आत गेली. चहा ठेवायला गेली असेल, असं मी समजलो. परत आली तेव्हा हातात रांगोळीचा डबा.

तिने चिमूट घेतली आणि टेबलाच्या कडेपासून सुरुवात केली. दोन शेतांच्या मधल्या झुडपांच्या बांधावरून, तळ्याला वळसा देऊन, चर्चच्या आवाराच्या भिंतीला लागून, पण भिंतीच्या बाहेरून. पुढे ओढ्याच्या काठाने. रूळ आला तिथे हात जरासा थांबला, आणि रेघ रुळावरून गेली. पलीकडे पुन्हा बांध. आमच्याकडे भाऊ वेगळे निघतात तेव्हा जमीन अशीच वाटतात, बांधाबांधाने. कोणाचं झाड कापलं जाऊ नये, कोणाची विहीर अर्धी होऊ नये. इतकी बारीक, इतकी न तुटलेली रेघ मी सणाला दारातही पाहिली नव्हती. पण तिच्या चेहऱ्यावर मात्र काही नव्हतं. बंद टीव्हीवर आपलाच चेहरा दिसतो ना, तसं मला माझंच तोंड तिथे दिसत होतं.

"इथून," ती म्हणाली.

सकलैनने रेघ बघितली, सगळ्यात फुगीर जागी टेप लावला, एकतीस इंच भरले. सरळ करवतीने हे जमायचं नव्हतं. बारीक पात्याचं मशीन आणायला तो पुन्हा खाली गेला, आणि जाताना म्हणाला, "आंटी ने तो नक्शा बना दिया." मग आला आणि बसला. लाकडाचा भुसा चहाच्या चोथ्यावर पडत होता. रुळापाशी मशीन बंद करून त्याने हॅक्सॉ घेतली. लोखंडाचा तो आवाज मला दातांत जाणवला. कल्पना भिंतीला टेकून उभी होती. एक रूळ तुटला. दुसरा तुटला. सकलैन म्हणाला, "खलास." दोन तुकडे हळूच वेगळे केले तेव्हा मधून खोलीची फरशी दिसली.

खोलीतून निघालेला पहिला तुकडा वळवायला मुख्य दाराबाहेर न्यावा लागला, तेव्हा सकलैनच्या मदतनिसाचा धक्का चपलांच्या रॅकला लागला. रॅक सरकला, सँडल खाली पडले. कल्पना वाकली, दोन्ही उचलले, पूर्वी होते तसे शेजारी शेजारी ठेवले आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी खोकी बंद करायची होती. दोन्ही तुकडे हॉलमध्ये आणून ठेवलेले. सकलैन हातोडा घेऊन तयार, दोन खिळे ओठांत. अंतराचा व्हिडिओ कॉल आला. इकडे दुपार, तिकडे सकाळ. ती विकलिंगच्या त्या सभागृहातच होती, शेजारी मार्जरीबाई आणि त्यांचा कोणी सेक्रेटरी, टाय लावलेला, कागद हातात घेतलेला. शेवटचं एकदा सगळं बघून घ्यायचं होतं त्यांना. मोबाइल मी धरला.

"आजोबा, अंगठा काढा," अंतरा म्हणाली. "सगळं काळं दिसतंय."

"तुमच्याकडे ढग आले असतील," मी म्हटलं, पण अंगठा काढला. मग मी त्यांना गावभर फिरवलं. मार्जरीबाईंनी रिबिनी बघितल्या आणि खळखळून हसल्या.

अंतरा म्हणाली, "आई, त्या म्हणतायत, माझे केस मुलासारखे कापलेले होते. आईला वेळ नसायचा. रिबिनी कधी मिळाल्याच नाहीत. ह्या राहू देत."

"बरं," कल्पना म्हणाली.

मग सेक्रेटरी. माणूस वाईट नव्हता, पण त्याला सगळं बरोबर पाहिजे होतं. शाळेची मुलं बघायला येणार, त्यांना चुकीचं दाखवता कामा नये. चर्चचं दार पूर्वेला नाही, दुसऱ्या बाजूला आहे. ते ते लोक बदलून घेतील, चालेल ना? अंतराने विचारलं.

"बरं."

मागच्या दारच्या बादल्या. तिकडे तेव्हा तशा नसत. काढल्या तर?

"बरं."

फलाटावरच्या बायकांचे अंबाडे फार खाली आहेत.

"बरं."

माझा हात दुखायला लागला होता. सकलैनने खिळे ओठांतून काढून तळहातावर घेतले. सेक्रेटरीने कागद डोळ्यांजवळ नेला, मग मोबाइलच्या अगदी पुढे आला, नाक एवढं मोठं. चर्चच्या दाराशी काहीतरी सांडलंय, म्हणाला. धान्य वाटतं.

अंतरा त्याला इंग्रजीत काहीतरी म्हणाली. मार्जरीबाई हसायच्या थांबल्या. मग त्याने हळू, नीट, एकेक शब्द सुटा करून बोलून दाखवलं, आणि अंतराने ते सांगितलं. सांगताना तिचा आवाज खाली गेला.

"आई, ते म्हणतायत, चपलांची कल्पना फार गोड आहे. पण इथे लोक बूट घालूनच आत जायचे. मुलं विचारतील, उत्तर काय देणार? बाकी सगळं ते जपून ठेवतील. एवढे तीळ चिमट्याने काढले तर चालतील का?"

मी 'बरं'ची वाट बघत होतो. सकलैनही बघत होता, त्याने झाकण उचललंच होतं.

कल्पना पुढे आली. खोक्याच्या काठावर हात ठेवून ती वाकली. चर्चच्या पायरीवर धूळ होती, इथली, पिवळट. तिने एक तळवा तिळांपुढे आडवा धरला, ते उडू नयेत म्हणून, आणि बाकीच्या पायरीवर बारीक फुंकर घातली. पायरी पांढरी झाली. मग माझ्या हातातल्या मोबाइलकडे तिने बघितलं. किती महिन्यांनी ती कोणाकडे तरी अशी बघत होती.

"अंतरा, त्यांना सांग, बाकीचं काय हवं ते बदला. चपलांना हात लावू नका. ह्यांनी छप्पर लावायच्या आदल्या दिवशी मी आत माणसं बसवलीत. बाहेर आली की शोधतील."